इले कितके?

मॅच कुठलीही असो, जिंकलं कोण हे काका कधी विचारत नसत. उजव्या हाताची बोटं पसरायची, मान जराशी वाकडी करायची आणि विचारायचं, "इले कितके?" मालवणी कानाला सवयीचं नसेल तर सांगतो, आले किती. लग्न असो, चाळीची मीटिंग असो, बाराव्याचं जेवण असो, प्रश्न हाच. माझ्या लग्नात मी बोहल्यावरून उतरतोय न उतरतोय तोच त्यांनी हे विचारलं होतं. बायको अजून त्यावरून मला टोमणे मारते.

लालबागच्या आमच्या चाळीत ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. हिंदमाताच्या कापडबाजारात, एका साडीच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं. एखादी बाई गादीवर साड्यांचा डोंगर करून "घरी विचारून येते" म्हणून उठली की बाकीचे सेल्समन मनातल्या मनात तिचा उद्धार करायचे. काका मुकाट्याने घड्या घालत म्हणायचे, "इली होती ना? परत येतली." त्यातल्या किती परत आल्या ते देव जाणे.

रिटायर झाल्यावर आमच्या मंडळाचा कबड्डी संघ त्यांनी, कुणी सांगितलेलं नसताना, अंगावर घेतला. कागदोपत्री सेक्रेटरी मी, कारण बँकेत नोकरी आणि अक्षर बरं. खरा कारभार त्यांचा. मुलांच्या जर्सी ते स्वतः धुवायचे आणि पैठणीसारख्या घड्या घालून आणायचे. घामट पोरांच्या हातात त्या घड्या बघून मला हसू यायचं.

मग त्यांची मुलगी बाळंत झाली आणि काका सहा महिन्यांसाठी मेलबर्नला गेले. येताना चॉकलेटं आणतील, कांगारूचे फोटो आणतील, अशी आमची अपेक्षा. काकांनी आणला एक हंगाम. तोही शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा, आणि हरलेला.

मुलीच्या घरामागे फुटबॉलचं एक जुनं मैदान होतं. नातवाला बाबागाडीतून फिरवता फिरवता तिथल्या फाटकावरच्या म्हाताऱ्याशी यांची दोस्ती झाली. "अरे, आपलो फुटबॉल नाय तो," काका जिन्यात बसून समजावत. चेंडू अंड्यासारखा. हाताने धरायचा, पायाने मारायचा आणि मधे येईल त्याच्या अंगावर पडायचं. दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोघांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक. या एका गुणावर काका बेहद्द खूश होते. "चुकला तरी एक गावता! असो खेळ बघलंस खय?" गावता म्हणजे मिळतं. त्यानंतर कुणाची बस चुकली, कुणाचा इंटरव्ह्यू फसला, काका जिन्यातून ओरडायचे, "चुकला तरी एक गावता रे!" माणसाला वाटायचं याच्या डोक्यात नारळ घालावा.

तर त्या म्हाताऱ्याचा आजा त्या मैदानावरच्या क्लबातून खेळलेला. संघातले बहुतेक जण बुटांच्या कारखान्यातले. शनिवारी अर्धी पाळी करायची आणि ट्राम पकडून मैदानावर यायचं. त्या सालात ते पहिली मॅच हरले, दुसरी हरले, आणि हरतच गेले. पेपरवाल्यांनी टिंगल केली. लोक बघायला येईनासे झाले. शेवटच्या मॅचला अठरा माणसं भरेनात, तेव्हा कप्तानाने पाव भाजणाऱ्या मेहुण्याला पिठाच्या हातांनी उभा केला.

"शेवटची तरी जिंकले ना?" पोरं हमखास विचारायची.

"नाय. शेवटच्याक इले. ता पुरे."

काकांचं इंग्रजी गिऱ्हाइकापुरतं. म्हणजे यातलं त्या म्हाताऱ्याचं किती आणि काकांच्या पदरचं किती, सांगणं कठीण. मी एकदा खोदून विचारायला गेलो तर म्हणाले, "मेल्या, तू बँकेत रव." रव म्हणजे राहा.

गेल्या वर्षी आमचाच तसा हंगाम आला. चाळ रीडेव्हलपमेंटला निघालेली, पाडायची तेवढी बाकी, अर्धी पोरं आधीच भाड्याने विरारला, बदलापूरला. ओळीने सगळ्या मॅच हरलो. त्यात काकांना हार्टचा त्रास होऊन परळच्या हॉस्पिटलात हलवलं. शेवटची मॅच वरळीच्या तगड्या संघाशी होती आणि पोरांनी ग्रुपवर ठरवून टाकलं, जायचंच नाही. मॅच सोडल्याचा मेसेज मी लिहूनही ठेवला. फक्त पाठवायचा बाकी होता.

संध्याकाळी काकांना भेटायला गेलो. नाकात नळी, तरी हात वर आला, बोटं पसरली. "उद्या येतले कितके?"

मी सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिलो. माझ्या तोंडावर सगळं दिसलं असणार. ते रागावले नाहीत. डोळे मिटून एवढंच म्हणाले, "पाववालो इललो रे."

मला भयंकर वाईट वाटलं. या माणसाने आयुष्यात आमच्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. खाली येऊन मी मेसेज पुसला आणि एकेकाला फोन लावला. शिव्या खाल्ल्या, दिल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी मैदानावर सहा जण आले. सातवा मी. पंचाने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर दुसरीकडे वळवली.

माझ्या पहिल्याच चढाईला मी धडपडलो. एक पाय बोनस रेषेपलीकडे पडला, दुसरा हवेत, आणि मग वरळीचे चौघे माझ्या अंगावर. मी बाद. पण पंचाने आमच्या बाजूलाही हात वर केला. पकडलो गेलो तरी बोनसचा एक गुण आमचा. आमची पोरं मैदानात लोळून हसली. मॅच आम्ही हरलो, सपाटून.

गुडघ्याची माती न धुताच हॉस्पिटल गाठलं. "जिंकलो काका," मी ठोकून दिलं.

"खोटा सांगू नको माका. हरलास मा?"

"हरलो."

"इले कितके?"

"सात."

"सातवो कोण?"

"मी."

काका इतके हसले की नर्स धावत आली. मग मी त्यांना तो एक गुण सांगितला. त्यांनी माझा मातीचा हात धरला. "चुकला तरी..." एवढंच म्हणाले, पुढचं धाप लागल्यामुळे राहिलं.

चार दिवसांनी काका गेले. मुलीला विमान वेळेत मिळेना. अंत्ययात्रा निघायची वेळ झाली तेव्हा माझ्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल आला. रडून डोळे सुजलेले. मला वाटलं, म्हणेल बाबांचा चेहरा दाखव.

"दादा," ती म्हणाली, "इले कितके?"

 खाली विरारची पोरं होती, बदलापूरची होती. वरळीचा अख्खा संघ जर्सी घालून आला होता. हिंदमाताचे सेल्समन होते, आणि ओळखीच्या नसलेल्या कितीतरी बायका, चांगल्या साड्या नेसलेल्या. मी गॅलरीच्या कठड्याशी गेलो आणि फोन फिरवून गल्लीवर धरला.