हणमंतरावांचे पंचेचाळीस किलोमीटर

हणमंतराव मूळचे साताऱ्याचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि बबीन्याच्या छावणीतून उठून झाशीत आमच्या शेजारी घर बांधून राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं त्यांचं. भाजीला निघाले तरी आधी वेळ ठरणार, रस्ता ठरणार. आमची घरं पिढ्यान् पिढ्या इथली, आम्ही बुंदेली सुस्तीत वाढलेलो. आम्हाला त्यांची गंमत वाटायची.

त्यांची एकुलती एक मुलगी सुरभी. पलटणीतल्या मित्राच्या मुलाला, निशांतला, ती द्यायची असा शब्द त्यांनी परस्पर देऊन टाकला होता. मुलात खोट नव्हती, पण सुरभीला तो नको होता. हे तिने आईला, पुष्पाला, सांगितलं आणि पुष्पाने मला. घरात वडील ऐकून घेत नाहीत, म्हणून पोरीनेच युक्ती काढली. बाबांना सायकलचं वेड. चार दिवस दोघांनीच बेतवा नदीकाठच्या आडवाटांनी फिरायचं आणि बरुआसागरच्या तलावावर निवांत बसून सगळं सांगून टाकायचं.

हणमंतराव हरखले. मोटरसायकलवरून सगळ्या वाटेची रेकी करून आले. एकूण अंतराला चाराने भागलं आणि रोजचे पंचेचाळीस किलोमीटर पक्के केले. कालव्याचा सपाट बांध असो नाहीतर नदीची वाळू, पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. तासातासाला शिट्टी वाजवून दहा मिनिटं विसावा.

मी म्हटलं, "भाऊजी, मोटरसायकलला दम लागत नाही, पोरीला लागतो. पहिला दिवस तरी हलका ठेवा. बरुआसागरलाच मुक्काम करा की."

"वहिनी, पलटण अशी चालत नसते."

पलटण म्हणजे काय, तर एक मुलगी! मला राग आला.

पुढचं सुरभीनेच नंतर आम्हाला सांगितलं. दुपारी ते बरुआसागरला पोचले. तलावावर वारा होता. तिने सायकल झाडाला टेकवली आणि म्हणाली, "बाबा, आज इथेच रुकूया ना. मला तुमच्याशी बात करायची आहे."

"करू की, मुक्कामावर पोचल्यावर. अजून पंधरा राहिलेत." आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

पुढे वाळू लागली. सायकल ढकलत ढकलत, बाभळीचे काटे काढत ती अंधार पडताना गावच्या शाळेत पोचली आणि ताटावरच डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पहाटेच शिट्टी झाली. तिसराही दिवस तसाच गेला. दम असेल तेव्हा बाबा पुढे असायचे आणि बाबा शेजारी असायचे तेव्हा दम नसायचा.

चौथ्या दिवशी हणमंतराव दारात सायकलवरून उतरले ते निशांतच्या वडिलांना फोन लावतच. मी अंगणातच होते. "अरे, एक किलोमीटर मागे पडलो नाही! पोरगी माझी आहे. चार दिवसांत एकदाही नाही म्हणाली नाही."

सुरभीने ते ऐकलं. सायकल भिंतीला लावली आणि आत निघून गेली. मार्गशीर्षात लग्न झालं.

ती ग्वाल्हेरला असते. भांडण नाही, तक्रार नाही. फोन येतो, जेवलात का विचारते, ठेवते. गेल्या दिवाळीत पुष्पाच्याने राहवेना. तलावावर पोरीला काय सांगायचं होतं, ते तिने नवऱ्याला सांगितलं. त्या दिवसापासून हणमंतरावांचं जेवण तुटलं. "मला एवढंसुद्धा थांबता आलं नाही, वहिनी," असं म्हणून माझ्यासमोर ढसाढसा रडले. मला त्यांची फार दया आली आणि पोरीची त्याहून जास्त.

मग त्यांनी पुन्हा सफर आखली. पहिला दिवस, झाशी ते बरुआसागर. दुसरा दिवस, बरुआसागर. तिसरा दिवस, बरुआसागर. आमच्यासमोरच त्यांनी सुरभीला स्पीकरवर फोन लावून हे वाचून दाखवलं.

 ती हळूच म्हणाली, "बाबा, अब वहाँ रुकके क्या बात करेंगे?"