सुनेच्या गाडीचा हूक

माझी सून भूलतज्ज्ञ आहे. आठवडाभर ती जळगावातल्या दवाखान्यांत माणसांना झोपवते आणि रजा मिळाली की दक्षिणेतल्या एका रेस-ट्रॅकवर जाऊन गाडी पळवते. गाडी पिवळी, दोनच सीटची आणि इतकी बुटकी, की तिच्यात चढावं लागत नाही, उतरावं लागतं. माझ्या मुलाला त्या गाडीत मळमळतं, त्यामुळे तो तिच्यात बसत नाही. हे त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं, असं सून म्हणते. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

मी धुळ्याला राहते. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात गच्चीच्या गळतीचं काम काढलं, म्हणून काही दिवस जळगावला त्यांच्या फ्लॅटवर गेले. मुलगा नेमका कामासाठी पुण्याला गेलेला. घरात आम्ही दोघीच. आमचं आजवर कधी भांडण झालं नव्हतं. बोलणंही फारसं झालं नव्हतं, त्यामुळे असेल.

एका दुपारी ती खाली पार्किंगमध्ये गेली ती बराच वेळ वर आली नाही. चहा गार व्हायला लागला म्हणून मी खाली गेले. ही गाडीच्या समोर फरशीवर मांडी घालून बसलेली, हातात लाल रंगाची जाड लोखंडी कडी. कडीला मागे आटे पाडलेला लांब दांडा.

"हे काय गं?"

"टो हूक, आई. ट्रॅकवर गाडी बंद पडली किंवा वाळूत गेली, तर हिला दोर लावून ओढतात. पुढे हूक नसेल तर आत सोडतच नाहीत."

"म्हणजे वाळूत जायचं हे ठरलेलंच आहे?"

"नाही. गेली तर."

ती पाळण्याआधी बाळंतविडा विकत घेणाऱ्यांतली, सगळ्याची आधीच तयारी करणारी, नव्हती, म्हणून मला जरा नवल वाटलं. पण ऑपरेशनच्या आधी ती लोकांना काय काय लिहून द्यायला लावते, हे आठवलं आणि पटलं.

बंपरवर उजव्या बाजूला एक चौकोनी झाकण होतं. त्याच्या आत हुकाची जागा. झाकण निघत नव्हतं आणि स्क्रू-ड्रायव्हर लावला तर रंगाला ओरखडा पडेल, या भीतीने ती केव्हाची त्याच्याकडे नुसती बघत बसली होती. मी वर जाऊन नॉनस्टिक तव्याचं प्लॅस्टिकचं उलथनं आणलं. धिरडं सोडवतात तसं कडेने हळूहळू फिरवलं. झाकण टक् करून सुटलं.

आत भोक होतं आणि भोकात माती. कुंभारमाशीने घर केलेलं. माशी केव्हाच गेलेली, घर मात्र पक्कं. सून म्हणाली, आट्यांत माती राहिली तर हूक वाकडा बसेल. मी क्रोशाची सुई आणली. मग मी कोरायचं आणि तिने फुंकायचं, असं आमचं चाललं. तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष, सगळे त्यांना नाना म्हणतात, भाजीची पिशवी घेऊन आले. दोन बायका गाडीपुढे जवळजवळ आडव्या, हे पाहून ते थांबले. सगळं नीट निरखून म्हणाले, "लिंबू-मिरची टांगायला का?"

"गाडी बंद पडली तर ओढायला," सून म्हणाली.

"मग लिंबू-मिरचीच टांगा. बंद पडणारच नाही." आणि ते लिफ्टकडे गेले.

भोक साफ झालं. तिने कडी लावली, फिरवली. धरेना. पुन्हा लावली, पुन्हा फिरवली. आटे पकडायचंच नाव नाही. तिचा चेहरा हळूहळू घट्ट होत गेला. ती चिडली की बोलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी समजत होते, ती फक्त माझ्याशी बोलत नाही.

"दे इकडे. काढून तरी ठेवू," असं म्हणून मी कडी काढायला उलटी फिरवली, तर ती आत जायला लागली. मी आणखी फिरवली, आणखी आत गेली. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आटे उलटे होते. का, ते तिलाही माहीत नव्हतं. शेवटचा पीळ मात्र अवघड होता. कडीतून चाकाच्या पान्याचा दांडा घातला, एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला मी, आणि दोघींनी मिळून आवळला.

मग स्टिकर. हूक कुठे आहे हे दाखवणारा लाल बाण लावावा लागतो, त्यावर इंग्रजीत 'टो' असं छापलेलं. मी म्हटलं, मराठीत 'ओढा' लिही की.

"ओढा म्हणजे नाला पण ना, आई? लोकांना वाटेल, ही गाडी नाल्यात जाते."

चाळीस वर्षांच्या माझ्या कारकिर्दीत एकाही मुलीने श्लेष इतका चटकन ओळखला नव्हता. मी तिला तसं सांगितलं नाही. स्टिकर सरळ लावायचं काम तिने मला दिलं, एवढंच.

पुढच्या रविवारी सोनगीरजवळ माझ्या धाकट्या भावाच्या शेतात भरीत पार्टी होती. सून म्हणाली, सोडते तुम्हाला, मीही येते. मी त्या गाडीत पहिल्यांदाच बसले. सीट अशी, की सगळा महामार्ग आपण जमिनीवर बसून बघतोय. धुळ्याच्या पुढे एका ट्रकच्या चाकाची आणि माझी नजरानजर झाली. ती सावकाश चालवत होती. मी विचारलं तर म्हणाली, "रस्त्यावर पळवणारे आमच्याकडे दवाखान्यात येतात. नंतर."

महामार्ग सोडून शेताच्या वाटेला लागलो. भावाने सकाळी गव्हाला पाणी सोडलं होतं आणि पाट फुटून पाणी वाटेवर आलं होतं. वरून वाट कोरडी दिसत होती. आमची काळी माती अशीच, दिसते एक आणि असते एक. गाडी जरा घसरली, मग पोटावर बसली. चाकं फिरली आणि मागच्या बोरीच्या झाडावर चिखल उडाला.

शेतातून नातलग धावत आले. तुराट्यांवर वांगी भाजायची सोडून आले, यावरून प्रसंगाचं महत्त्व कळावं. कुणी म्हणालं ढकला, कुणी म्हणालं उचला. भाऊ म्हणाला, "राहू दे अक्का, दोन दिवसांत वाळेल." सून दार उघडून चिखलात उभी होती, पांढरे बूट, आणि काही बोलत नव्हती. इतक्या माणसांत ती मला एकदम लहान वाटली.

शेजारच्या शेतातला ट्रॅक्टरवाला आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली.

"हाई गाडी शे का खेयनं?"

गाडीला खेळणं म्हटल्यावर सगळे हसले. त्याने साखळी काढली आणि वाकून गाडीखाली कुठेतरी अडकवायला निघाला. सून एकदम पुढे झाली. "तिथे नको, भाऊ. खालून लावली तर पुढचं सगळं निघून येईल. इथे हूक आहे."

त्याने लाल कडी पाहिली, बाण पाहिला. बोटाने कडी हलवली. "हाई टिकी का पन?"

सून माझ्याकडे वळली. "आई, आपण घट्ट केला होता ना?"

मला तो शेवटचा पीळ आठवला, आणि पान्यावरून घसरलेला माझा हातही. खात्री अशी नव्हती. पण निकालाच्या दिवशी पालकांशी बोलायचा माझा एक आवाज आहे, तो मी काढला. "घट्ट आहे. ओढा."

साखळीऐवजी तिने डिकीतून पट्टा काढून दिला. ती आत बसली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काई घाबरू नका, आते काढी देस," आणि त्याने हळूहळू ताण घेतला. पट्टा ताठ झाला. कडीतून एक बारीक कुरकुर आली. माझ्या बहिणीने माझा हात धरला, कारण मी तिचा धरला होता. मग चिखलाने एक मोठा, असभ्य आवाज करून गाडी सोडली आणि पिवळी गाडी ट्रॅक्टरच्या मागे मुकाट्याने कोरड्यात आली.

सून उतरली. आधी तिने कडी हाताने तपासली. जागची हलली नव्हती. मग ती सगळ्यांना म्हणाली, "आईंनी लावलाय." हे अर्धंच खरं होतं, पण मी दुरुस्ती केली नाही. ट्रॅक्टरवाल्याला बळंच जेवायला बसवलं. भरीत थोडं करपलं होतं, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर खपून गेलं. जेवताना ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पानात न विचारता ठेचा वाढला. मला ठेचा आवडतो हे तिला कधीपासून माहीत होतं, कोण जाणे.

महिनाभराने ती ट्रॅकवर निघाली तेव्हा म्हणाली, "तुम्ही येता का?" गाडी ट्रकवर गेली, आम्ही तिघं रेल्वेने. मुलगाही आला होता. तो फाटकाजवळच्या सावलीत बसला, गाडी लांबून पाहूनही त्याला बरं वाटत नव्हतं. तपासनीसाने हूक ओढून पाहिला, मान हलवली, पुढच्या गाडीकडे गेला. दिवसभरात हुकाची गरज पडली नाही. ती मात्र माझ्यासमोरून इतक्या वेगाने गेली, की प्रत्येक वेळी 'आली' म्हणेपर्यंत गेलेली असायची. मी घाबरले नाही. थोडी घाबरले.

संध्याकाळी, शेवटच्या सावकाश फेरीला, शेजारी कुणाला बसवायची परवानगी होती. तिने माझ्यापुढे हेल्मेट धरलं. मी घालून पाहिलं, पण अंबाडा आड येत होता. ती म्हणाली, "सोडावा लागेल, आई."

मी आकडे काढून तिच्या हातात दिले. ती मागे उभी राहिली आणि तिने माझे केस मोकळे करून सैल वेणी घातली. तिला वेणी घालता येत नाही. तशीच मी गाडीत उतरले.