मांडीजवळचा ढीग

वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या चहाच्या टपरीवर पाच जणांना घेरून बसलो होतो. माझ्या लहानपणी सटाण्याला एवढा मोठा कांदा निघाला होता, की तो एका बैलगाडीत मावेना, मग दुसरी गाडी मागून जोडली... गोष्ट अशी ऐन रंगात आली होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आई गेल्या. पाटावर बसल्या होत्या, मेथी निवडत होत्या. पाहते तर..." आई म्हणजे त्यांच्या सासूबाई, माझी यमुनाआत्या. मी उठलो आणि निघालो. दीड महिना झाला, ते पाच जण अजून विचारतात, पुढे काय झालं? काय होणार! कांदा तिथेच दोन गाड्यांच्या मध्ये अडकून पडलाय. माझ्या गोष्टी जिला सांगून तपासून घ्यायच्या, तीच उठून गेली.

आत्याने सटाण्याच्या खळ्यावर तीसेक वर्षं कांदा निवडला. शेवटी शेवटी तर ती निवडणाऱ्या बायांची मुकादम होती. मी शपथेवर सांगतो, तिच्या हातातून गेलेले कांदे ओळीने मांडले तर ओळ चंद्रावर जाऊन परत येईल आणि येताना येवल्याला वळसा घालेल! डोळे समोरच्या बाईकडे, तोंडाने गप्पा, आणि हात आपले चाललेले. मोठा, गोल, चकचकीत सालीचा तो माल. लहान ती गोल्टी. सालपट निघालेला, चपटा, डागी तो चोपडा. झप, झप, झप! बघणाऱ्याला वाटावं, बाईला चार हात आहेत. मी तर सहा मोजले होते.

पण हजारात एखादा कांदा असा यायचा, की आत्याचा हात थांबायचा. माल म्हणावा तर आकार वेडावाकडा, चोपडा म्हणावा तर वजन चांगलं. तो ती कुठल्याच ढिगात टाकायची नाही. डाव्या मांडीजवळ ठेवायची. साऱ्याच बायांची ती रीत होती. घाईत निकाल द्यायचा नाही, दिवस संपताना पुन्हा हातात घेऊन बघायचं. आणि खरी गंमत अशी, की तोवर ते कांदे उरायचेच नाहीत. दुपारी भाकरी सुटली की बाया मांडीजवळचाच कांदा फोडायच्या. लहानपणी खळ्यावर मी तोच खाल्ला. तसा गोड कांदा मला पुन्हा मिळाला नाही, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

काका, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यावर तिचा मुलगा, आमचा दादा, तिला नाशकात घेऊन आला. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कांद्याचा डोंगर कुठून आणायचा? मग आत्याने घरच निवडायला घेतलं. आठवड्याभरात डब्यांची उतरंड, चादरींची चळत, पिशव्यांची जुडी, वर्तमानपत्रांची थप्पी. वहिनी सांगायच्या, "भाऊजी, मी सोफ्यावर जरा आडवी झाले तर भीतीच वाटते. उठेन तेव्हा कुठल्या ढिगात असेन, कोण जाणे." माझ्या गोष्टींचीही तिने प्रतवारी लावली होती. गोष्ट संपली की मान हलवून आपल्या अहिराणीत म्हणायची, "गोल्टी शे." म्हणजे गोल्टी आहे. फार झालं तर, "चोपडा शे रे सुभ्या, पण चालनार." उभ्या जन्मात 'माल' म्हणाली नाही. साठी ओलांडलेला माणूस मी, पण त्या एका शब्दासाठी दर रविवारी नवी गोष्ट घेऊन चार मजले चढायचो. लिफ्ट होती, पण चढताना गोष्ट वाढते.

मग ते वाचनालयाचं प्रकरण झालं. त्यांच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोलीभर वाचनालय आहे. भिंतीला ओल आली म्हणून सगळी पुस्तकं खाली काढली, रंग दिला आणि ती पुन्हा लावायला माणसं बोलावली. आत्या बगलेत पाट मारून हजर! सोसायटीचे सचिव निवृत्त साहेब, त्यांनी छापील यादी आणली होती. कथा, कादंबरी, चरित्र, आरोग्य, संकीर्ण. आत्याचं शिक्षण चौथी. ती म्हणाली, "साहेब, संकीर्ण म्हंजे काय?"

"ज्याला कुठेच जागा नाही ते, आजी."

"म्हंजे मांडीजवळचं. मंग असं सांगा ना!"

साहेब चहाला गेले आणि आत्याने यादी बाजूला सारून आपल्या पद्धतीने निवड सुरू केली. तासाभराने साहेब परतले, तेव्हा जमिनीवर तीन ढीग होते. ज्यांचे कोपरे झिजलेले, पानं मऊ पडलेली, शिवण सैल झालेली, ती पुस्तकं मालात. अर्धवट हाताळलेली गोल्टीत. आणि साहेबांनी स्वतः निवडून आणलेली, कोरी करकरीत, सोनेरी अक्षरांची सगळी चोपड्यात!

"आजी, उलटं केलंत तुम्ही! ही नवीन आहेत, चांगली आहेत."

"कांद्याले हात कमी लागेल तेवढा चांगला, साहेब. पुस्तकाचं तसं नही. इतक्या वर्षांत जे कोनी उघडलंच नही, ते चांगलं कसं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पण दाराशी उभ्या माझी मात्र गाळण उडाली. कारण त्या पसाऱ्यात माझं पुस्तक होतं! स्वखर्चाने छापलेला माझा एकमेव कथासंग्रह, मीच मोठ्या थाटात भेट दिलेला. दोन वर्षांत त्याला माशीसुद्धा शिवली नव्हती. अजून आत्याच्या हाती आलं नव्हतं, पण आता येणार, आणि साऱ्या सोसायटीसमोर चोपड्यात पडणार...

मी ते शर्टात लपवून वर आणलं. वहिनी बाहेर गेल्या होत्या. स्वयंपाकघरात बसून मी माझ्याच पुस्तकावर अत्याचार केले. कोपरे दुमडले, शिवण ताणली, हळदीचे ठसे उठवले, एका पानावर चहाचा कप ठेवून सुंदर वर्तुळ काढलं. दहा मिनिटांत पन्नास वाचक! मग खाली येऊन हळूच पसाऱ्यात सरकवलं.

आत्याने ते उचललं आणि तिचा हात थांबला. पानांवरून अंगठा फिरवला. हळदीचा वास घेतला. माझ्याकडे वर पाहिलं.

"ह्या घड्या एकाच दिवसन्या शेतस, सुभ्या."

"वाचक... घाईत होता, आत्या."

"आनि जेवताना तुन्ही गोष्ट वाचे? भूक मरी जाई त्याची!"

सगळे खो खो हसले. मला वाटलं, गेलं आता चोपड्यात. पण आत्याने ते डाव्या मांडीजवळ ठेवलं. मी विचारलं, "निकाल काय मग?" ती म्हणाली, "राहू दे. पाहते." संध्याकाळी साहेबांच्या वहीत नोंद करून ती ते घरी घेऊन गेली. पुढचे सगळे रविवार मी विचारत राहिलो आणि ती नुसती हसत राहिली. म्हणे, "दिवस संपू दे की."

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला गॅलरीत नेलं. आत्याचा पाट होता तिथेच होता, आणि त्याच्या डाव्या बाजूला माझं पुस्तक. मी हातात घेतलं. मध्येच कांद्याच्या सालीचा पातळ गुलाबी पापुद्रा, खुणेला घातलेला. वहिनी म्हणाल्या, "रोज दुपारी एक पान. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायच्या. कधीकधी एकट्याच हसायच्या."

मी पानं चाळली. खुणेच्या अलीकडे, माझ्या खोट्या हळदीच्या शेजारी, प्रत्येक पानाचा खालचा कोपरा एका अंगठ्याने मऊ झाला होता. तशी झीज दहा मिनिटांत करता येत नाही, मी करून पाहिलंय! खुणेच्या पलीकडची पानं मात्र मी दुमडली होती तशीच होती, कडक.

पुस्तक परत हवं म्हणून साहेब परवा स्वतः वर आले. वही उघडून आत्याच्या नावापुढे बोट ठेवलं. मी त्यांना गॅलरीत नेलं. त्यांनी पाट पाहिला, पुस्तक पाहिलं, सालीची खूण पाहिली. मग वही मिटली आणि म्हणाले, "अजून त्यांचं वाचून झालेलं नाही."

मी पुस्तक पाटाच्या डाव्या अंगाला होतं तसं ठेवलं. आणि साहेबांना तिथेच बसवून सुरुवात केली, "तर साहेब, एकदा सटाण्याला एवढा मोठा कांदा निघाला होता..."