जनाजा अडवणारी सिजाओना

चोले बेटावर जिच्या तोंडी लागायला मोठमोठे खलाशी कचरायचे, अशी एकच बाई होती, सिजाओना. शिंदीच्या पातीच्या चटया विणायची, आणि हात चालतील तसं तोंडही चालवायची. तिचा खरा मारा मात्र मकामेवर. मकामे होड्या बांधायचा, नात्याने तिचा मामेभाऊ. आत्ते-मामे भावंडांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची आणि कुणी रागवायचं नाही, ही बेटाची रीतच. यंदाची होडी तरंगणार की सरळ तळ गाठणार, असं ती त्याला भर किनाऱ्यावर विचारायची. तुझ्या चटईपेक्षा वाळू मऊ, असं तो ऐकवायचा. ज्या दिवशी ही टोलेबाजी होत नसे, त्या दिवशी दोघांनाही भात गोड लागत नसे.

तो मकामे तापाचं निमित्त होऊन गेला.

याच रीतीचा दुसरा भाग असा, की जनाजा अंगणातून निघताना थट्टेच्या नातलगाने तो अडवायचा आणि मेलेल्याची अशी खोड काढायची, की रडणारी माणसं हसली पाहिजेत. कुणीच हसलं नाही, तर मेलेला पोरका गेला म्हणतात. सिजाओनाने आजवर कितीतरी जनाजे अडवले होते. आज मात्र कुडाला टेकून बसलेल्या तिला एक शब्द सुचेना. त्याच्याबरोबर आपणही मातीत जावं, एवढंच तिला वाटत होतं.

पुरुषांनी जनाजा उचलला. मकामेची बायको ताटू रडायची थांबली आणि तिच्याकडे बघू लागली. तशी सिजाओना उठली आणि वाटेत आडवी पडली.

“काय रे आळशा,” ती म्हणाली, “मशिदीपर्यंत चालायचं म्हटलं की तुझे गुडघे धरायचे. आज बरा लोकांच्या खांद्यावरून निघालास!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं अंगण हसलं, खांदेकरीसुद्धा. सिजाओना सवयीने गप्प राहिली, त्याच्या उत्तरासाठी. ते येणार नाही हे ध्यानात आलं, तेव्हा तिच्यात उठायचं बळच उरलं नाही.

ताटू तिच्याजवळ येऊन बसली. तिचं काही थट्टेचं नातं नव्हतं. तिने बोलायची रीतही नव्हती.

“वन्सं,” ती हळूच म्हणाली, “हे म्हणाले असते, ही म्हातारी एकदा पसरली की भरती आली तरी हलायची नाही.”

सिजाओना रडता रडता हसली, आणि तिने मकामेला वाट करून दिली.