बंद केल्यावरचा उजेड

दादरला आम्हाला गॅरेज आहे असं सांगितलं की लोक माझ्याकडे जमीनदाराकडे बघावं तसं बघतात. प्रत्यक्षात ती अंगणाच्या टोकाला, आमच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर असलेली एक पत्र्याच्या दाराची खोली आहे. आत गाडी लावली की पोट आत घेऊन बाहेर यावं लागतं. दिव्याचं बटण गॅरेजात नाही, स्वयंपाकघरात आहे. गॅरेजात ठेवलं तर इमारतीतले ड्रायव्हर आमच्या मीटरवर दिवा लावून पत्ते कुटत बसतील, असं बाबांचं म्हणणं होतं. त्यामुळे गॅरेजातल्या माणसाने ओरडायचं, आईने ओट्याजवळचं बटण दाबायचं आणि खिडकीतून "केलं" म्हणायचं, ही आमच्याकडची पद्धत होती.

बाबा त्या गॅरेजातच गेले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी पूजा करायची म्हणून त्यांनी गाडी धुतली होती, जमीन ओली होती. ट्यूब चार दिवस फडफडत होती, म्हणून चोक बदलायला ते अनवाणीच लोखंडी स्टुलावर चढले. बटण बंद करायला त्यांनी आईला हाक मारून सांगितलं. दहा मिनिटांनी ती चहाला बोलवायला गेली, तेव्हा ते जमिनीवर होते आणि चोकची वायर वरून लोंबत होती.

गल्लीतल्या डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. हृदय आधीपासून नाजूक होतंच. पण उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळपट डाग होता, तो मी पाहिला आणि आईनेही पाहिला. भेटायला आलेल्या प्रत्येकाला आई कुणी न विचारता सांगायची, "मी बटण बंद केलं होतं." लोक मान डोलवायचे. न विचारता दिलेल्या उत्तराने संशय वाढतो हे तिला कळत नव्हतं, आणि तिला ते सांगावं असं मलाही वाटलं नाही.

त्यानंतर घरातलं प्रत्येक बटण ती दोनदा तपासू लागली. पंख्याचं, मिक्सरचं, मोबाइलच्या चार्जरचं. बोट बटणावर ठेवून तोंडातल्या तोंडात "केलं, केलं" म्हणायची. आपण त्या दिवशी खरंच बंद केलं होतं का, एवढा एकच प्रश्न ती आठ वर्षं उराशी घेऊन बसली होती. त्याचं उत्तर देऊ शकणारा माणूस गेला होता.

यंदा मी गाडी घेतली आणि आठ वर्षांनी गॅरेज उघडलं. दिवे घ्यायला लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने आधी मलाच प्रश्न विचारला, गॅरेजात बसायचंय की नुसती गाडी ठेवायचीय? बसायचं असेल तर पिवळसर उजेड घ्या, नाहीतर पांढरा. तिथे कोण बसणार, असं म्हणून मी पांढऱ्याशुभ्र उजेडाच्या वीस-वीस वॅटच्या तीन एलईडी पट्ट्या घेतल्या. दोन तुळईला समांतर, एक बाबांच्या हत्यारांच्या टेबलावर. वायरमन बोलावून घ्या असं तो म्हणाला, ते मी कानाआड केलं. मला स्वतःच्या हातावर फार भरवसा. कॉलेजात असताना मी गणपतीत आमच्या मंडळाची सगळी रोषणाई करायचो, आणि पट्ट्या लावणं म्हणजे काय मोठं दिव्य नव्हे.

आईने मात्र मेन स्विच पाडल्याशिवाय मला स्टुलावर चढू दिलं नाही. मी वैतागलो. स्वयंपाकघरातलं बटण बंद आहे, पुरे झालं, म्हटलं. तिने ऐकलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई तासभर मीटरच्या खोलीत, पाडलेल्या मेन स्विचवर हात ठेवून उभी राहिली. तिचा मला राग आला, आणि तिची कीवही आली.

जुनी वायर चांगली होती, म्हणून तीच ठेवली. पिळाची लाल वायर, दोन्ही पदर एकाच रंगाचे. ती मीच घातलेली होती, एकोणिसाव्या वर्षी, मंडपातून उरलेल्या भेंडोळ्यातून. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पक्कं वायरिंग. इतकी वर्षं टिकलंय, असं मनात म्हणत मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

दिवे लागले आणि गॅरेज नको इतकं दिसायला लागलं. पिवळ्या बल्बच्या आणि फडफडत्या ट्यूबच्या काळात त्या खोलीला कोपरे असे नव्हतेच. आता भिंतीवरचा बाबांच्या तेलकट पंजाचा ठसा दिसला. जमिनीवर स्टुलाच्या चार पायांचे गंजाचे गोल दिसले. ते जिथे पडले होते ती जागा इतर जमिनीसारखीच होती, तरी मी तिथे पाय ठेवला नाही.

त्या दिवशी तिन्हीसांजेला आईने देवापाशी दिवा लावला, मग स्वयंपाकघरातलं बटण दाबून गॅरेजातल्या दिव्यांनाही सवयीने हात जोडले. थोड्या वेळाने मी बटण बंद केलं आणि दार ओढून घ्यायला अंगणात गेलो. गॅरेजात उजेड होता. तिन्ही पट्ट्या मंद, राखाडी पेटलेल्या होत्या. भाताच्या पेजेला असतो तसा तो रंग होता. थोड्या वेळात आपोआप विझेल म्हणून मी थांबलो. विझला नाही. परत आत जाऊन बटण पाहिलं, ते बंदच होतं.

मी दार लावलं आणि कुणाला काही बोललो नाही. पण दाराच्या फटीतून तो उजेड स्वयंपाकघरातून दिसायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर घरात दिवा नव्हता. आई स्वयंपाकघरात अंधारात खिडकीपाशी उभी होती. तिचं बोट बटणावर होतं. दाबत होती, उचलत होती, पुन्हा दाबत होती, आणि समोर दाराची फट पांढरी व्हायची, मग राखाडी. फट काळी होत नव्हती. किती वेळ ती हे करत होती कुणास ठाऊक. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बंद होत नाहीये रे. मी करतेय, पण होत नाहीये."

मला भीती वाटली. दिव्याची नाही, तिच्या आवाजाची. आठ वर्षांपूर्वी लोकांना सांगायची तोच तो आवाज होता.

त्यात पितृपंधरवडा चाललेला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तो उजेड पाहिला आणि हवं ते निमित्त त्यांना मिळालं. माणसाचं काही राहिलेलं असलं की असं होतं, एकदा ब्राह्मणाला विचारा, असं त्या आईला जिन्यात सांगून गेल्या. मी या असल्या गोष्टींना हसणारा माणूस आहे. पण गाडी लावून दिवे बंद करायला ओरडलो की त्या राखाडी उजेडात मी गाडीच्या काचेकडे बघायचं टाळू लागलो होतो, हे खरं आहे. आई दिवसभर खिडकीत बसू लागली. भर दुपारीसुद्धा दार बंद असलं की फट मंद उजळलेली दिसायची. ती जेवेना. चौथ्या दिवशी तिने मला विचारलं, "त्यांना मला काही विचारायचं असेल का?" मग मात्र मी मुकाट्याने चिंचपोकळीच्या एका वायरमनला फोन केला. ऑफिसातल्या एकाने त्याचा नंबर दिला होता.

तो सकाळी दहाला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, पायात रबरी चपला. आई त्याच्यामागोमाग गॅरेजच्या दारापर्यंत आली. त्याने मला स्वयंपाकघरातलं बटण बंद करायला लावलं आणि पट्टीच्या टोकाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. मग तो स्वयंपाकघरात आला, बटणाचा बोर्ड उघडला, आत टेस्टर लावून पाहिला आणि मान हलवली.

"साहेब, बटण न्यूट्रलमध्ये टाकलंय," तो म्हणाला. "दोन वायरी असतात ना, एक करंट आणणारी, एक परत नेणारी. बटणाने आणणारी तोडायची असते. इथे परत जाणारी तोडलीय. म्हणजे बटण बंद केलं की दिवा बंद, पण करंट वरच उभा. बल्बला, ट्यूबला फरक पडत नाय. एलईडीला थोडासा करंट पण पुरतो, म्हणून ही मिणमिणते. हे मंडपवाल्यांचं काम दिसतंय. टू-पिन उलटी-सुलटी कशीपण लावतात, दिवा लागल्याशी मतलब."

मला माझे एकोणीस वर्षांचे हात दिसत होते, दोन्ही लाल पदर सोलणारे. कुठला पदर कुठला, हे मंडळात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"बटण बंद आहे म्हणून कोणी वायरीला हात लावला असता ना, तर गेला असता," तो पुढे म्हणाला. "कोणी केलेली वायरिंग?"

तो माझ्याकडे बघत होता. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आमच्या ह्यांनी. फार जुनी आहे." तिने उत्तर द्यायला श्वास घेण्याइतकाही वेळ घेतला नव्हता.

त्याने दोन्ही वायरी बदलल्या, बटण करंट आणणाऱ्या वायरीवर घेतलं आणि गेला. मी बटण दाबून पाहिलं, बंद केलं. समोरची फट काळी झाली. आई खुर्चीवर बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "आई, वायरिंग मी केलं होतं."

"माहितीय मला. मीच तर तुला वायरीला गुंडाळायची पिवळी चिकटपट्टी धरून देत होते." मग तिने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "म्हणजे मी बंद केलं होतं."

"हो. तू बंद केलं होतंस."

ती रडली नाही. रडावं तेवढं माझं मीच रडलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, तू पोरगा होतास, म्हणाली, ह्यांनीही कधी तपासलं नाही, म्हणाली. थोड्या वेळाने तिने हात काढून घेतला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुलाही वाटत होतं ना, मी विसरले म्हणून?"

मला खोटं बोलता आलं असतं. ती नुकतीच माझ्यासाठी परक्या माणसासमोर, गेलेल्या नवऱ्यावर आळ घेऊन खोटं बोलली होती. पण आठ वर्षं मी तिच्यासमोर जेवलो होतो, तिच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या होत्या, आणि एकदाही म्हटलं नव्हतं की आई, मला माहीत आहे, तू बंद केलंस.

"हो," मी म्हटलं.

"मला कळायचं ते," ती म्हणाली, आणि भाकरीचं पीठ काढायला उठली.