बटण दाबूनही न थांबणारी करवत

त्या दुपारी वखारीत आम्ही चौघं होतो. मी, हे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि आमची लेक. लेक तेव्हा नववीत होती. पाचवा एक माणूस फाटकापर्यंत आला आणि परत गेला. त्यालाही मी धरते. तो आत आला असता तर मला हे सांगायला लागलंच नसतं.

आमची वखार येलहंक्याला, जुन्या गावातल्या रस्त्यावर. जळाऊ लाकडाची. इथं त्याला सौदे डिपो म्हणतात. पुढं लाकडं, मागं दोन खोल्यांचं घर, आणि दोन्हीला मिळून एकच पत्र्याचं फाटक. ह्यांचं घराणं किती पिढ्या बेंगळुरात आहे ते ह्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी, पण त्यात निम्मं कन्नड. मी निपाणीकडची. शाळा दुसरीपर्यंत, तीही मराठी. कन्नड बोलायला शिकले, भांडायलासुद्धा शिकले, पण ती गोल गोल अक्षरं काही डोक्यात शिरली नाहीत. अजून नाहीत.

लाकडं फोडायला आमच्याकडं दोन गडी होते. नव्वद सालानंतर जिकडंतिकडं इमारती उठायला लागल्या आणि दोघंही सेंट्रिंगच्या कामाला गेले. मग हेच कुऱ्हाड घेऊन उभे राहायचे. पन्नाशी उलटलेली. उजवा खांदा असा दुखायचा की जेवताना घास तोंडाशी न्यायला डाव्या हाताचा आधार द्यायचे. पण घर त्या उजव्या हातावरच होतं. दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

त्यातून लग्नसराई तोंडावर आली. जवळच्या लग्नाच्या हॉलचा स्वयंपाकी आमचं मोठं गिऱ्हाईक. त्याला चिंचेचंच लाकूड लागायचं. चिंच म्हणजे दगड. पहिल्याच ओंडक्यावर कुऱ्हाड उसळली आणि हे खाली बसले. डाव्या हातानं खांदा चोळत राहिले. मग म्हणाले, "पेट्रोलची करवत बघायला पाहिजे. तुकडे करून मिळाले तर फोडणं मी बघतो."

नवी करवत दुकानात बघितली. आमच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून एका रविवारी शहरात जुन्या सामानाच्या बाजाराला गेलो. मिक्सर, पंखे, मोडक्या सायकली, आणि एका कडेला पोतं पसरून बसलेला एक बारीक माणूस. त्याच्यापुढं एकच वस्तू. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली लाल करवत. मला ते बरं वाटलं नाही. झोपलेल्या लेकराला गुंडाळावं तशी ती गुंडाळलेली होती.

तो मलनाडकडचा, म्हणजे तिकडच्या डोंगरातला, कॉफीच्या मळ्यात झाडं तोडणारा. ह्यांनी विचारलं, "का विकतोस?"

"आता तोडत नाही मी."

"चालते का?"

"चालते अण्णा. चालायला ती कधी नाही म्हणत नाही."

"मग ओढ की दोरी. बघू दे."

"तुम्हीच ओढा," तो म्हणाला, आणि दोन पावलं मागं सरकला.

ह्यांनी डाव्या हातानं दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. बाजार वळून बघायला लागला. हे इतके खूश झाले की माझ्याकडं बघून हसले. ते हसणं मला अजून दिसतं. बंद मात्र त्या माणसानं केली. वाकला, बोटानं काहीतरी ओढलं, आणि ती गप्प झाली. काय ओढलं ते आम्ही बघितलं नाही. धुरानं डोळे चुरचुरत होते. वखार कुठं आहे ते त्यानं विचारून घेतलं, मी सांगितलं. मला वाटलं, सहज विचारतोय.

घरी आणली तेव्हा आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचे डोळे दोन वर्षांपूर्वीच गेले होते. ह्यांनी एक ओंडका कापून बघितला. लोण्यासारखा कापला गेला. मग बटण दाबलं आणि करवत खाली भुशावर ठेवली. ती थांबली नाही. कोणी धरलेली नाही, बटण बंद, आणि ती जमिनीवर थरथरत, घुरघुरत, हळूहळू स्वतःच वळत होती. जणू कुणाला शोधतेय. मग एकदम आवाज वर चढला आणि थांबली.

आत्याबाईंनी विचारलं, "बंद केलीस ना रे?"

"केली की अव्वा."

"मग चालवतंय कोण?"

हे हसले. "जोर आहे तिच्यात. जुनी मशीन, स्वल्प हट्ट करणारच."

ती गार होताना टिक, टिक, टिक असा आवाज यायचा. कोणी नखानं पत्रा वाजवावा तसा. आत्याबाई दर वेळी म्हणायच्या, "फाटकावर कोणीतरी आहे बघ." मी बघून यायचे. कोणी नसायचं.

त्याच दिवसांत ते दाराचं प्रकरण सुरू झालं. बेंगळुरात तेव्हा घरोघरी बोलत होते की एक बाई फिरते, दारात येऊन घरातल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते. ओ दिली, दार उघडलं, की माणूस संपला. त्यावर उपाय एकच, दारावर लिहायचं, नाळे बा. म्हणजे उद्या ये. ती वाचते आणि परत जाते. दुसऱ्या दिवशी येते, पुन्हा वाचते, पुन्हा जाते. आमच्या गल्लीत सगळ्यांनी लिहिलं. कोणी कोळशानं, कोणी खडूनं. आणि मुख्य म्हणजे, हाक तीनदा आल्याशिवाय ओ द्यायची नाही. तिला तिसरी हाक मारता येत नाही म्हणायचे.

फुलं विकणारी शेजारीण मला म्हणाली, "अक्का, तुमचंच फाटक कोरं. सगळी गल्ली सोडून ती तुमच्याकडंच येणार."

मी लेकीला सांगितलं. तिचं अक्षर फार चांगलं. तिनं भिंतीला द्यायचा चुना घेतला, पट्टी लावून रेघ मारली, आणि फाटकावर मोठ्या मोठ्या कन्नड अक्षरांत लिहिलं. अगदी दुकानाची पाटी वाटावी असं. ह्यांना हसू आवरेना.

"भुताला वाचता येतं म्हणजे तुझ्यापेक्षा शिकलेलंच आहे की ते!"

"हसा तुम्ही."

"गिऱ्हाईक परत गेलं तर? उद्या ये म्हणतंय फाटक."

"गिऱ्हाइकाला ठाऊक आहे," मी म्हटलं. "सगळ्या गावाला ठाऊक आहे."

सगळ्या गावाला होतं ते खरं.

तो दिवस गुरुवारचा. लग्नाच्या हॉलचा टेंपो संध्याकाळी येणार होता. हे सकाळपासून कापत होते. मधे मधे पेट्रोल भरायला थांबायचे तेवढंच. लेकीला परीक्षेची सुटी होती, ती तुकडे रचत होती. मी मागं स्वयंपाकघरात. आत्याबाई ओसरीवर.

दुपारी पेट्रोल भरायला हे थांबले तेव्हा एकदम शांत झालं. एवढ्या आवाजानंतरची शांतता कानात दुखते. त्या शांततेत हाक आली.

"अक्का."

फाटकाकडून. बाप्याचा आवाज, पण असा बारीक, दबलेला. मी हातातलं पीठ तसंच धरून दारात येऊन उभी राहिले. ओळखीचा वाटत होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. हेच तर सगळे सांगत होते ना, की ओळखीचा वाटतो.

आत्याबाईंनी मान फाटकाकडं वळवली. लेक लाकडाच्या थप्पीमागून माझ्याकडं बघत होती. हे पेट्रोल ओतत होते. मशीनच्या आवाजानं त्यांचे कान बधीर झालेले, त्यांना काहीच ऐकू गेलं नाही.

"अक्का."

दुसरी. मी मनात म्हटलं, तिसरी मार. तिसरी मारलीस की येते. मी वाट बघितली. फाटकाखालच्या फटीतून दोन पावलं दिसत होती, चपला घातलेली. मला ती दिसत होती, हे मी कबूल करते. ती पावलं जरा वेळ थांबली. मग वळली आणि गेली.

आत्याबाई म्हणाल्या, "गेली."

मला हायसं वाटलं. खरं सांगते, हायसं वाटलं.

त्यानंतर थोड्या वेळानं झालं. चिंचेची साल करवतीच्या दातेरी चेनमधे अडकली. ह्यांनी बटण दाबलं. आवाज खाली आला, नेहमी यायचा तसा. ह्यांना वाटलं, विझली. साल काढायला त्यांनी उजवा हात घातला. आणि ती विझली नव्हती. आवाज वर चढला. मी बाहेर आले तोवर करवत जमिनीवर पडून भुशात गोल गोल फिरत होती आणि हे आपल्या हाताकडं बघत उभे होते. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "अगं, फडकं आण."

लेकीनं ओढणी गुंडाळली. मी रिक्षा थांबवली. टेंपो येणार होता तो आला की नाही, मला आठवत नाही.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला ते बघा. आम्ही सरी, म्हणजे बरं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला घरी आले. फाटक लोटलं आणि मागून हाक आली, "अक्का." वळले. तो बाजारातला बारीक माणूस.

"अण्णा आहेत का?" त्यानं विचारलं. "त्या मशीनबद्दल सांगायचं होतं. तापली की बटणानं थांबत नाही ती. चोक ओढून धरायचा, तेव्हा थांबते. आणि चेन थांबलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत हात लावायचा नाही. माझ्या जोडीदाराचा हात गेला तिच्यात. मी विकताना बोललो नाही. त्या दिवसापासून जेवण जात नाही मला."

मी विचारलं, "काल का नाही आलास?"

तो गोंधळला. "आलो होतो की अक्का. दोनदा हाक मारली. फाटकावर नाळे बा लिहिलंय. मला वाटलं, डिपो बंद आहे, उद्या ये म्हणतायत." मग भीत भीत म्हणाला, "म्हणून आज आलो."

डोंगरातला माणूस. बेंगळुरातल्या त्या बाईची गोष्ट त्याच्या कानावरच आली नव्हती. त्याला वाचता येत होतं एवढंच.

मी त्याला काय झालं ते सांगितलं. तो फाटकाला टेकून खाली बसला. करवत तिथंच भुशात पडली होती, कोणी उचलली नव्हती. तो म्हणाला, "मला नेऊ द्या अक्का. हातोड्यानं फोडून टाकतो. तुमच्यासमोर फोडतो."

मला तेव्हा राग आला. त्याचा, त्या अक्षरांचा, माझा स्वतःचा, कुणाचा ते कळेना. मी म्हटलं, "हात लावू नकोस. ऊठ आणि जा." तो गेला. जाताना दोनदा वळून बघितलं त्यानं, माझ्याकडं नाही, करवतीकडं.

फडकं ओलं करून मी फाटक पुसलं. चुना निघाला, पण पत्र्यावर खूण राहिली. उन्हात दिसायची.

हे दवाखान्यातून आले आणि डाव्या हातानं जेवायला शिकले. मग डाव्या हातानं वजनकाटा धरायला शिकले. फोडलेलंच लाकूड आणून विकायचं, असं ठरवलं. लेक शाळा सोडून त्यांच्या मदतीला बसली. मी नको म्हटलं नाही. म्हणायला तोंड नव्हतं. दोन हाका मी ऐकल्या होत्या हे ह्यांना मी सांगितलं, पण चार वर्षांनी. हे म्हणाले, "मला ऐकू आली असती तर मी तरी काय, ओरडलोच असतो, उद्या या म्हणून. काम होतं." माझ्यासाठी तसं म्हणाले असतील.

करवत मात्र राहिली नाही. मी दवाखान्यात असताना तिसऱ्या दिवशी ती वखारीतून गेली. घरात आत्याबाई एकट्या होत्या. त्यांनी सांगितलं, भुशावर पावलं वाजली. त्यांनी कोण म्हणून विचारलं. कोणी बोललं नाही. मग दोरी ओढल्याचा आवाज आला, एकदाच. सुरू झाली नाही. आणि पावलं गेली. तो मलनाडचा माणूसच येऊन घेऊन गेला असेल, फोडून टाकली असेल, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. पण फोडायला नेणारा माणूस दोरी कशाला ओढेल? चालते का बघणारा ओढतो.

आता आत्याबाई नाहीत, हेही नाहीत. एवढ्या वर्षांत ती गंजली असेल, भंगारात गेली असेल. नसेलही. चालायला ती कधी नाही म्हणत नव्हती.

म्हणून हे वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. तुमच्याकडं किंवा तुमच्या ओळखीत कुणाकडं जुन्या बाजारातली लाल पेट्रोलची करवत असेल, तर बटणावर विसंबू नका. चोक ओढून धरा, आणि चेन थांबलेली डोळ्यांनी दिसेपर्यंत हात लांब ठेवा. हे त्यांना आजच सांगा.