चढाला उतरायचं

जिंतूरच्या सायकलवाल्या चाचांनी आम्हाला एकच नियम शिकवला. “बाई, चढाला उतरायचं. जोर लावला की चेन खलास.” आम्ही दोघी पोरांना मराठी शिकवणाऱ्या, पण या वाक्यातली गंमत कळायला आम्हाला दोन रविवार लागले. मग पुढं चढ दिसला की माझी मैत्रीण कंडक्टरसारखी ओरडायची, “उतरा, उतरा, चढ आला.”

जिंतूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात आमची शाळा होती. मी पेडगावची, ती वालूरची. नोकरी दोघींची नवी, लग्न दोघींचं व्हायचं होतं आणि भाड्याची खोली एकच होती. माझी लेडीज सायकल वडिलांनी घेऊन दिलेली, चेनकव्हरवाली. तिच्याकडे भावाची जुनी काळी सायकल, मधे दांडा असलेली. साडी खोचून ती त्या दांड्यावरून पाय टाकायची तेव्हा गावातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती मात्र त्यांना हात करायची आणि विचारायची, “येताव का?”

रविवारी सकाळी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून आम्ही डोंगराकडं निघायचो. जंगलातल्या रस्त्यांना नावं कुठली असणार? ती आम्हीच ठेवली. एक ताकाचा रस्ता, कारण तिथल्या वस्तीवरची म्हातारी ताक पाजल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. एक टेंभुर्णीचा. आणि एक शिवीचा. तिथं लाकडाची गाडी हाकणाऱ्या एकानं आम्हाला पाहून शिवी दिली होती. मैत्रिणीनं सायकल आडवी लावली आणि म्हणाली, “नीट ऐकू आलं न्हाई दादा, परत म्हणा.” तो बिचारा बैलांकडं बघत बसला. पुढं तो रस्ता आमचा फार लाडका झाला.

सायकलीवर असताना बोलणं होत नसे. ती पुढं, मी मागं, आणि खडीचा आवाज. बोलणं सगळं चढाला. सायकली हातात धरून चालायचो आणि घरचं, दारचं, हेडमास्तरांचं, बघून गेलेल्या स्थळांचं, सगळं निघायचं. एखादी गोष्ट अर्ध्यावर असताना उतार लागला की मला राग यायचा. आयुष्यात मी इतकं कुणाशी बोललेले नाही, पुढं नवऱ्याशीही नाही. तो बापडा चांगला होता, पण त्याच्याकडं स्कूटर होती.

येलदरीच्या अंगाला एक खिंड होती. तिच्या पलीकडं धरणाचं पाणी दिसतं असं सगळे सांगत. आम्ही तीनदा खिंडीच्या पायथ्यापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा उन्हं कलली म्हणून माघारी वळलो. दिवेलागणीच्या आत घरात, हा घरमालकीण काकूंचा कायदा होता. एकदा पायथ्याशी शेळ्या राखणारा म्हातारा भेटला.

“बाबा, पल्याड काय हाय?” मैत्रिणीनं विचारलं.

“पल्याड बी हेच.”

“ह्यो कधी गेलाच न्हाई,” मैत्रीण हळूच मला म्हणाली. आणि मग परतीच्या वाटेवर तिनंच मला पलीकडचं सगळं सांगितलं. उतार असा की पायडल मारायलाच नको. दोन्हीकडं सागाची सावली. उतार संपला की लगेच पाणी, सायकली आडव्या टाकायच्या आणि पाय बुडवून बसायचं. सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडून शपथ घेतली. खिंड ओलांडायची ती दोघींनी मिळून, एकटीनं जायचं नाही.

त्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं. पालमला, दुकानदाराच्या घरी. हातात एकच रविवार उरला. आम्ही चेनला तेल दिलं, हवा भरली, पहाटे निघायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी बातमी आली की विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा पेटलंय, उद्या बंद, एसट्याही बंद. काकूंनी आमच्या सायकली स्वतःच्या घरात नेऊन कुलूप लावलं. आम्ही दोघी दिवसभर खोलीत फुगून बसलो. त्या वर्षांत कुणाकुणाची घरं जळाली, माणसं गेली. त्यापुढं आमचा हुकलेला रविवार म्हणजे काहीच नाही, हे समजायला मला वय लागलं. तेव्हा मी फक्त रडले. मंगळवारी तिचा भाऊ आला आणि काळी सायकल एसटीच्या टपावर बांधून तिला घेऊन गेला.

तिची दोन पत्रं आली. मग येईनात. मी लिहिलेल्या चारांना उत्तर नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. फाल्गुनातल्या एका रविवारी, केवळ रागाच्या भरात, मी एकटी निघाले. पायथ्याशी सवयीनं उतरले आणि चालू लागले. चढ होता तेवढाच होता, पण बोलायला कोणी नसल्यावर तो संपता संपेना. वर पोचले तेव्हा पळस फुलला होता आणि सागाला पान नव्हतं. पलीकडं असेच डोंगर, असंच रान. फार लांब, दोन बोटांएवढं पाणी चमकत होतं.

खाली रस्ता गेलेला दिसत होता. मी सीटवर बसले, एक पाय पायडलवर ठेवला. दुसरा जमिनीवरून उचलेना. कितीतरी वेळ तशीच होते. मग सायकल वळवली. खाली गेले नाही म्हणजे शपथ मोडली नाही, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण तिला कळवायची हिंमत झाली नाही.

मग माझं लग्न, परभणीला बदली, पोरंबाळं. पालमला जायला बारा वर्षं लागली. ती जाड झाली होती, चष्मा लागला होता. पत्रांचं मी विचारलं नाही. तिच्या सासूबाई दारातच बसल्या होत्या, निवडणं-टिपणं करत. मी पाणी पिते न पिते तोच त्यांनी विचारलं, “तूच का ती सायकलवाली? ही सांगती, डोंगर वलांडून गेल्ताव, धरणाच्या पाण्यात पाय बुडवून आल्ताव. सगळ्या गल्लीला सांगून झालंय. मला तर खरं वाटत न्हाई.”

मैत्रीण चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. माझ्याकडं बघत नव्हती.

“खरंय मावशी,” मी म्हणाले. “उतार इतका होता, पायडलसुद्धा मारावं लागलं नाही. पाणी लय गार.”

सासूबाईंनी सुपातला खडा काढून टाकला. “पोरींच्या जातीला काय ही येडं,” म्हणाल्या, पण आवाज मऊ होता.

ती मला स्टँडवर सोडायला आली. सपाट रस्त्यावर आम्हाला बोलायची सवयच नव्हती. गाडी लागल्यावर तिनं विचारलं, “पाणी खरंच गार हाय का गं?”

म्हणजे मी एकटी गेल्याचं तिला ठाऊक होतं. कुणी सांगितलं की तिनंच ओळखलं, मी विचारलं नाही.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “खिंडीपर्यंतच गेले. खाली उतरले नाही.”

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. “मंग ऱ्हायलंय की अजून आपलं,” म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडं बघवेना.

गाडी हलली. ती मागं पडत गेली. आता उतरावं, तिचा हात धरावा आणि कुठलाही चढ धरून चालायला लागावं, असं फार फार वाटलं. कंडक्टर तिकिटाला आला.

“एक जिंतूर,” मी म्हणाले.

“बाई, ही गाडी परभणीपर्यंतच हाय,” तो म्हणाला.